लिहून देणार, लिहून घेणार : वैद्यकीय संमतिपत्राचा भारतीय इतिहास

१

सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णापुढे ठेवला जाणारा संमतिपत्राचा कागद साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. तो प्रशासनाचा, फार तर कायद्याचा कागद मानला जातो. परंतु या कागदाला एक निवेदक आहे आणि तो प्रथमपुरुषी आहे. 'मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की' अशा धाटणीच्या वाक्याने आरंभ होणाऱ्या या संहितेतील 'मी' रुग्णाचा आहे. वाक्य मात्र त्याने रचलेले नाही. बहुधा ते इंग्रजीत रचले गेले, मग प्रादेशिक भाषेत उतरवले गेले आणि छापून ठेवले गेले. रुग्णाच्या वाट्याला येते ती खालची रिकामी जागा. त्या जागी सही झाली किंवा अंगठा उठला की वरचे सगळे निवेदन त्याचे होते.

या संहितेत 'मला समजेल अशा भाषेत सर्व माहिती समजावून सांगण्यात आली आहे' अशा आशयाचे विधान हमखास आढळते. त्याची व्याकरणिक घडण पाहण्यासारखी आहे. 'सांगण्यात आली' या प्रयोगात सांगणारा लोपलेला आहे. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, किती वेळ सांगितले, याला वाक्यात जागाच नाही. समजल्याची जबाबदारी 'मी'वर आहे. समजावणारा मात्र वाक्याबाहेर आहे.

हा 'मी' कसा घडला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. माहितीपूर्ण संमतीचा इतिहास सामान्यतः १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९५७ मधील कॅलिफोर्नियातील साल्गो खटला यांपासून सांगितला जातो. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तथापि भारतातील संमतिपत्राची भाषा त्याहून जुन्या दस्तऐवजांच्या भाषेशी नाते सांगते, आणि ते नाते लक्षात घेतल्याशिवाय त्या कागदापुढे बसलेल्या रुग्णाची स्थिती नीट उमगत नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीतील मूळ शब्दाच्या लॅटिन घटकांत एकत्र 'जाणवणे' आहे, तर 'संमती'च्या संस्कृत घटकांत एकत्र 'मानणे' आहे. मराठी, गुजराती, बंगाली आणि मलयाळम या भाषांनी हाच शब्द थोड्याफार उच्चारभेदाने स्वीकारला. हिंदीत 'सहमति' रूढ झाला. उर्दूतील 'रज़ामंदी'त राजी असण्याचा, म्हणजे मनाच्या कलाचा भाव आहे. तमिळमधील 'ओप्पुदल' आणि कन्नडमधील 'ओप्पिगे' हे एका धातुकुळातले शब्द असून त्यांत पटण्याचा, कबूल करण्याचा अर्थ आहे. मराठीत 'संमती'च्या शेजारी 'होकार' आणि 'रुकार' हे बोलीतले शब्द आहेत. रुग्णालयात मात्र यांपैकी एकही शब्द फारसा ऐकू येत नाही. तेथे 'सही घेतली' किंवा 'सही दिली' असे म्हटले जाते. लोकव्यवहाराने या विधीचे केंद्र अचूक ओळखले आहे असे म्हणावे लागेल.

प्राचीन वैद्यक ग्रंथांत अनुज्ञेचा विचार आहे. मुतखड्यावरील शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास परिणाम संशयित, अशा प्रसंगी वैद्याने आधी विचारावे, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. अडलेल्या गर्भाच्या प्रकरणीही तसाच निर्देश आहे. तेथील 'आपृच्छ्य' हे रूप ज्या धातूचे आहे, तोच कालिदासाने मेघदूतात मेघाने पर्वताचा निरोप घेण्याच्या प्रसंगी योजला आहे. आज्ञा मागणे आणि निरोप घेणे असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. पण विचारायचे कोणाला? सुश्रुताचे उत्तर 'ईश्वर' किंवा 'अधिपती', म्हणजे सत्ताधारी स्वामी, असे आहे. चरकसंहितेत उदररोगाच्या असाध्यप्राय अवस्थेत आप्त, स्त्री, ब्राह्मण, राजा, गुरू यांना कल्पना द्यावी, असे येते. वैद्याला अपयशाच्या दोषातून मुक्त करणे हे या अनुज्ञेचे एक प्रयोजन उघड आहे. अडलेल्या बाईची स्वतःची अनुज्ञा या चौकटीत येत नाही.

आधुनिक मराठी सार्वजनिक चर्चेत 'संमती' हा शब्द खऱ्या अर्थाने गाजला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे. या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली. वादाचा सारा भर राज्याचा हस्तक्षेप आणि धर्माचा अधिकार यांवर होता. कोणत्या वयाखाली मुलीची संमती ग्राह्य धरू नये, एवढेच कायद्याने ठरवले. तिला विचारावे कसे, हा प्रश्न कोणत्याच पक्षाने फारसा हाती घेतला नाही. तो प्रश्न त्याआधीच न्यायालयात उभा करणारी स्त्री होती रखमाबाई. वयाच्या अकराव्या वर्षी, स्वतःच्या संमतीविना झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, ही तिची भूमिका होती. १८८४ मध्ये सुरू झालेल्या या खटल्यात १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल तिच्या बाजूने लागला. मार्च १८८७ मध्ये मात्र न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर रखमाबाईंनी लंडनमध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८९५ पासून त्या सुरतेत डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. संमतीचा प्रश्न न्यायालयातून रुग्णालयाकडे जाण्याची ही वाट एका व्यक्तीच्या चरित्रात दिसते. संस्थांच्या इतिहासात तिला बराच काळ लागला.

३

संमतिपत्राची मराठी भाषा वैद्यकातून आलेली नाही. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'राजीखुशीने', 'अक्कलहुशारीने', 'कोणत्याही दडपणाशिवाय' ही पदे खत, गहाणखत आणि करारनाम्याची आहेत. दस्तऐवजात 'लिहून देणार' हा बहुतेकदा लिहिणारा नसतो. दक्खनच्या गावांत ऋणको कुणबी सांगत असे किंवा ऐकत असे, लिहीत असे तो सावकाराचा कारकून किंवा कुलकर्णी. आणि सहीच्या जागी कुणबी नांगराची निशाणी करीत असे. निवेदक एक आणि लेखक दुसरा, ही रचना या वाङ्मयप्रकारातच मुरलेली आहे.

या रचनेत दडलेल्या अन्यायाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्याकडील कागदांवर होता. खते मिळवून जाळणे हा दंग्यांचा ठळक विशेष होता. आपल्या नावाने बोलणारा, पण आपल्याला वाचता न येणारा कागद नष्ट करणे, असा त्या कृतीचा अर्थ लावता येतो. चौकशी आयोगानंतर १८७९ साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणमुक्तीचा कायदा झाला. त्यात गावपातळीवर निबंधक नेमण्याची तरतूद होती. शेतकऱ्याने करावयाचा दस्तऐवज या निबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहावा, अटी पक्षकारांच्या तोंडून ऐकाव्यात आणि लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा, अशी ती व्यवस्था होती. तिचे यश मर्यादित राहिले. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखताची वाट धरली. तरीही एक तत्त्व त्या कायद्याने मान्य केले होते. निरक्षर माणसाची निशाणी ही समजुतीचा पुरावा नव्हे. समजूत पटवून देण्याचे काम तिसऱ्या, निःपक्ष माणसाने करावे लागते.

अंगठ्याच्या ठशाचा उगमही कराराशी निगडित आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे त्याने सही नाकारू नये, हा हेतू होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. ठसा माणूस कोण हे निश्चित सांगतो. त्याला काय समजले होते, याविषयी तो काहीच सांगत नाही.

याच काळात १८६० च्या भारतीय दंडसंहितेने वैद्यकीय संमतीला कायद्यात स्थान दिले. रुग्णाच्या हितासाठी, सद्भावनेने आणि त्याच्या संमतीने केलेल्या कृतीत धोका असला तरी तो गुन्हा नव्हे, असे सांगणाऱ्या ८८ व्या कलमाला शल्यविशारदाचेच उदाहरण जोडलेले होते. भयापोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, असे ९० वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हे आशय कायम आहेत. मात्र त्यांची दिशा ध्यानात घ्यावी लागते. संमती येथे मुख्यतः डॉक्टरच्या बचावाचे साधन म्हणून अवतरते. रुग्णाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे ही कलमे म्हणत नाहीत.

४

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. राज्य आणि रुग्ण यांच्यातील व्यवहाराचा प्रमुख लेखनप्रकार आता जाहीरनामा हा झाला. त्यात निवेदक 'मी' नसतो, सरकार असते; वाचकाने संमती द्यायची नसते, पालन करायचे असते. घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, विलगीकरण छावण्या यांवर लोकांचा प्रतिसाद कागदावर उमटण्याची सोय नव्हती. तो अफवांत, स्थलांतरात आणि दंग्यांत उमटला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुरा भागात एका मुस्लिम विणकर कुटुंबातील आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. डेव्हिड अरनॉल्ड यांनी या घटनांचे वाचन वसाहतीच्या देहावरील सत्तेच्या संदर्भात केले आहे. संमतीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांना आणखी एक अर्थ आहे. नकार नोंदवण्याचा विहित मार्ग नसताना नोंदवलेले ते नकार होते.

लसीकरणाच्या बाबतीत सरकारचे धोरण याहून वेगळे होते. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. कैद्याची स्वेच्छा कितपत स्वेच्छा, हा प्रश्न न्यूरेंबर्गनंतरच्या पिढीने कळीचा मानला. १८९७ मध्ये तो फारसा विचारला गेला नाही. पुढे लस ऐच्छिकच राहिली, पण टोचून घेतलेल्यांना विलगीकरणासारख्या निर्बंधांतून सवलती मिळत. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले आणि त्यांची निर्दोषता मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. हा दीर्घ वाद बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, या प्रश्नाभोवती फिरला. हाफकिन यांच्या प्रतिष्ठेचा निवाडा त्यात झाला. मरण पावलेल्या गावकऱ्यांना सुई टोचण्यापूर्वी काय सांगितले होते, हा त्या वादाचा विषय नव्हता.

५

स्वातंत्र्योत्तर काळात जाहीरनाम्याची जागा छापील नमुन्याने घेतली. १९५२ पासून कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला आणि १९६० च्या दशकापासून शस्त्रक्रियेचे शिबिर ही त्याची ठळक संस्था बनली. मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली गेली. १९७१ साली केरळमधील एर्नाकुलम येथे एका महिन्यात साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून रुग्णाला पैसे मिळत आणि त्याला आणणाऱ्या प्रेरकालाही रक्कम मिळे. दस्तऐवजी व्यवहारातील 'लिहून घेणार' येथे पुन्हा भेटतो. आता त्याच्यापुढे वर्षअखेर गाठायचे उद्दिष्ट असते.

आणीबाणीत या रचनेचे टोक गाठले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. शिक्षकांना उद्दिष्टे देणे, पगार आणि परवाने शस्त्रक्रियेशी जोडणे अशा उपायांची आणि नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद शाह आयोगाने १९७८ मध्ये केली. उत्तर भारतातील गावांत पोलिसांच्या साहाय्याने माणसे नेली गेली. 'राजीखुशीने' हे पद ज्यावर छापलेले आहे असा कागद आणि त्यावरील ठसा हे दोन्ही सक्तीच्या काळातही उपलब्ध होऊ शकतात, हा या पर्वाने दिलेला धडा आहे.

कागद नसल्यानेही प्रश्न सुटत नाही, हे दिल्लीतील एका अभ्यासाने दाखवले. १९७६ ते १९८८ या काळात एका शासकीय संशोधन संस्थेत गर्भाशयमुखातील कर्करोगपूर्व बदल असलेल्या स्त्रियांना उपचाराविना निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. १९९७ मध्ये हे उघड झाले तेव्हा स्त्रिया निरक्षर असल्याने तोंडी संमती घेतली होती, असे समर्थन पुढे आले. तोंडी संमतीला साक्षीदार नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लेखी संमतीचा आग्रह आला, त्यामागे या आणि अशा प्रकरणांची पार्श्वभूमी होती.

६

एकविसाव्या शतकाच्या आरंभी दोन विरुद्ध प्रवाह एकाच वेळी दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती कोणाची घ्यावी, याचा क्रम असा आहे : पती किंवा पत्नी, अज्ञान असल्यास पालक, किंवा स्वतः रुग्ण. रुग्ण यादीत शेवटी येतो. वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेसाठी पतिपत्नी दोघांची संमती हवी, असेही तेथे म्हटले आहे. त्याच्या तीन दशके आधी, १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली होती. सुश्रुताचा 'अधिपती' आणि आधुनिक व्यक्ती असे दोघेही एकाच देशाच्या नियमपुस्तकांत शेजारी नांदत होते.

समीरा कोहली खटल्यातील १६ जानेवारी २००८ च्या निकालाने यातील एक गाठ सोडवली. निदानासाठीच्या तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे आणि सज्ञान रुग्ण तात्पुरता बेशुद्ध असताना, तातडीचे कारण नसेल तर, आईने दिलेली संमती चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मात्र अमेरिकी धर्तीची 'माहितीपूर्ण' संमती न स्वीकारता न्यायालयाने 'खरी' संमती हा निकष घेतला. बहुसंख्य रुग्णांचे दारिद्र्य, त्यांचा डॉक्टरवरील विश्वास आणि उपचारांचा परवडणारा खर्च ही त्यामागची कारणे होती. या भूमिकेवर टीका झाली असली तरी तिच्यामागील वास्तव नाकारता येत नाही. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात शंभरांवर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरकडून दीर्घ संवादाची अपेक्षा करणे सोपे आहे. तो संवाद शक्य होईल असे मनुष्यबळ उभे करणे अवघड आहे.

याच सुमारास खम्मम येथील प्रकरण पुढे आले. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमतीबाबत मात्र गंभीर दोष आढळले. आंध्रमधील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, असे संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे. खम्मम हा कोया आदिवासींचा प्रदेश आहे. तेथे आई-वडिलांचा 'मी' वसतिगृहाच्या अधीक्षकाने लिहून दिला. पत्राची भाषा तेलुगू असो वा इंग्रजी, ज्यांच्या वतीने ती बोलत होती ते त्या खोलीतच नव्हते.

७ जानेवारी २०१२ रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत, विजेरीच्या उजेडात, दोन तासांत ५३ स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या दिवसांत जिल्ह्यातील शिबिरांशी संबंधित १३ स्त्रिया मरण पावल्या. उद्दिष्टांची पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे सोडल्यानंतरची ही स्थिती होती. देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याकडे वाटचाल करावी, असे सांगितले. संमतीच्या इतिहासात त्या निकालातील दोन सूचना अधिक महत्त्वाच्या ठरतात. शस्त्रक्रियेचे परिणाम रुग्णाला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावेत, आणि त्यानंतर सुमारे तासभर मोकळा वेळ द्यावा, म्हणजे तिला मन बदलायचे असेल तर बदलता येईल.

ही सूचना वाचताना १८७९ च्या कायद्यातील निबंधकाची आठवण होते. दोन्हींमध्ये थेट वंशसंबंध दाखवता येत नाही. परंतु शेतकऱ्याच्या खताला जी काळजी एकोणिसाव्या शतकात देऊ केली गेली, ती शेतमजूर बाईच्या शरीरासंबंधीच्या कागदाला मिळायला १३७ वर्षे लागली, हे कालक्रम सांगतो. आणि २०१६ च्या निकालात तेव्हाच्या कायद्याहून एक जादा गोष्ट आहे : नकारासाठी राखलेला वेळ.

७

या इतिहासातून संमतिपत्राच्या वाचनासाठी काही दिशा मिळतात. पहिली गोष्ट म्हणजे हा प्रकार भाषांतराच्या अभ्यासकांनी हाती घ्यावा असा आहे. एकाच मूळ नमुन्याच्या मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली रूपांत कर्ता कोठे लोपतो, 'राजी' आणि 'संमत' यांतील अंतर कसे हाताळले जाते, 'धोका' या शब्दाला कोणते सौम्य पर्याय दिले जातात, यांची तुलना अद्याप विस्ताराने व्हायची आहे. नैदानिक चाचण्यांत विशिष्ट गटांच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण २०१३ नंतर सुरू झाल्याने, लेखी 'मी'च्या शेजारी बोललेला 'मी' ठेवून पाहण्याचीही शक्यता निर्माण झाली आहे.

दुसरी गोष्ट नकाराविषयी आहे. रुग्णाने उपचार नाकारले तर त्याच्या आप्तांकडून 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' असे लिहून घेतले जाते. तेथे 'मी'चा 'आम्ही' होतो आणि नकारही रुग्णालयाच्या बचावाचा दस्त बनतो. रुग्णाने का नाकारले, त्याला काय समजले नव्हते, कोणती भीती वाटत होती, हे त्या दस्तात सहसा नसते. मदनपुऱ्याच्या विणकरांचा नकार पोलिसांच्या नोंदींतून शोधावा लागतो. आजच्या रुग्णाचा नकार कोठे शोधावा, याचे उत्तर रुग्णालयाच्या कागदांत नाही.

संमतिपत्र फेकून द्यावे असा याचा निष्कर्ष नव्हे. खम्मममधील अधीक्षकांच्या सह्या मोजता आल्या त्या कागद होते म्हणूनच. कागदाने संवादाची जागा घेतली की काय घडते, हे या इतिहासात वारंवार दिसते. देविका बिस्वास निकालातील तासभराचा अवकाश रुग्णालयाच्या रोजच्या वेळापत्रकात बसवणे आणि समजावून सांगणाऱ्याचे नाव त्या वाक्यात कर्ता म्हणून लिहिणे, एवढे दोन बदल झाले तरी संमतिपत्र गहाणखताच्या घराण्यातून बाहेर पडू लागेल.